तिची रास वेगळी

देगलूरच्या रानात कॉफी येत नाही. अरेबिका कॉफीला साधारण हजार मीटरची उंची, मोठ्या झाडांची सावली आणि थंड हवा मानवते. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत ते मेळघाटात, चिखलदऱ्याला. तरीही बायकांनी पिकवलेल्या कॉफीची हकीकत देगलूरकरांनी ऐकावी अशी आहे. तिचा गाभा वेचणीत आहे, आणि वेचणी इथल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

कॉफीच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लालभडक फळे असतात. फांदी ओरबाडली तर काम लवकर उरकते, पण कच्च्या फळाने चव तुरट होते. म्हणून उंची कॉफीसाठी पिकलेलेच फळ खुडायचे आणि काही दिवसांनी त्याच झाडाकडे पुन्हा यायचे. मग पाण्यावर तरंगणारी पोचट फळे काढायची, साल उतरवायची, बी आंबवून धुवायचे, ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवायचे. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर बी हाती लागते. पारखी त्या बियांची कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा अधिक मिळाले, तर ती ‘स्पेशालिटी’ कॉफी. या दर्जाचा पाया वेचणाऱ्या हातांनी घातलेला असतो. पण आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार कॉफीतले ७० टक्क्यांपर्यंत श्रम बायकांचे असतात, त्यांनी चालवलेले मळे मात्र २० ते ३० टक्केच आहेत.

उत्तर पेरूच्या डोंगरांतल्या शेतकरी बायकांनी २००३ च्या सुमारास यावर मार्ग काढला. आपली कॉफी पुरुषांच्या कॉफीत मिसळू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. ‘काफे फेमेनिनो’ नावाने ती वेगळी विकली जाऊ लागली. मालाचे पैसे थेट बाईला मिळावेत आणि जमिनीवर तिचा हक्क असावा, हा या व्यवहाराचा पाया होता. रवांडातही १९९४ च्या नरसंहारानंतर कॉफीचे अनेक मळे विधवांनी सांभाळले. १९९९ च्या कायद्याने तिथे मुलींना वारसाहक्क मिळाला.

जमीन बाईच्या नावे करण्याचा विचार आपल्याकडे त्याआधीच झाला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिला अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या जमिनीचा तुकडा लक्ष्मीच्या नावे करा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत काम सुरू केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने एक एकराची शेती रुजवली. घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचे ते बाईने ठरवायचे आणि घरच्या ताटाचा विचार आधी करायचा. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

कापूस वेचताना कवडी बाजूला काढणारी, हळद निवडणारी, तूर पाखडणारी बाई मालाचा दर्जाच ठरवत असते. पण काट्यावर माल जातो नवऱ्याच्या नावाने आणि पट्टीही त्याच्याच नावाने फाटते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केले आहे. सत्कार-सोहळ्यांपेक्षा प्रत्येक गावात तीन कामे व्हावीत: सातबाऱ्यावर तिचे नाव लागावे, तिच्या मालाचे माप वेगळे व्हावे, आणि पैसे तिच्याच खात्यात जमा व्हावेत. यातल्या कशालाही डोंगर, सावली किंवा थंड हवा लागत नाही.