सूत्र पुसले जाते, आकडा तसाच राहतो

कार्यालयाचे वेतनपत्रक असो वा गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च, तो एक्सेलवर केला की बिनचूकच असणार, असा समज रूढ झाला आहे. परंतु पडद्यावरील आकडा सूत्राने आलेला आहे की कोणी हाताने टाइप केलेला, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. अनेक गफलतींचे मूळ येथेच आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ पासून तो मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवरून ५३ टक्के झाला. म्हणजे ४० हजार रुपये मूळ वेतन असणाऱ्याचा भत्ता २० हजारांवरून २१,२०० रुपये व्हायला हवा. दर एकाच सेलमध्ये लिहून प्रत्येक ओळीत त्याच्याशी गुणाकाराचे सूत्र दिले असेल, तर तेवढा एक आकडा बदलताच सारे पत्रक बदलते. मात्र पूर्वी कधी घाईत कोणी एखाद्या ओळीतील सूत्रावर २०,००० हा आकडा टाइप केला असेल, तर ती ओळ जागची हलत नाही. तळाची बेरीज बिनतक्रार होते आणि त्या कर्मचाऱ्याचे महिन्याला १,२०० रुपये बुडतात.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये 'व्हिझिकॅल्क' आणले, तेव्हापासून सेलमध्ये उत्तर दिसावे व सूत्र मागे राहावे, हीच रीत आहे. वापर सोपा झाला तो त्यामुळेच. पण सेलमध्ये सूत्र आहे की नाही हे सांगणारे 'इजफॉर्म्युला' हे फंक्शन एक्सेलमध्ये यायला २०१३ ची आवृत्ती उजाडावी लागली, हे नवलच म्हणायचे!

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जेपी मॉर्गन बँकेला २०१२ मध्ये लंडनमधील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. जोखीम मोजण्याचे नवे गणित एक्सेलवर चालत होते आणि आकडे एका पत्रकातून दुसऱ्यात हाताने 'कॉपी-पेस्ट' करावे लागत, असे बँकेच्याच २०१३ मधील अहवालात नमूद आहे. त्यातच एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागाकार झाला होता. तोट्याचे हे एकमेव कारण नव्हते. परंतु जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली.

वित्तीय क्षेत्रात हाताने भरलेले आकडे निळ्या आणि सूत्रे काळ्या रंगात ठेवण्याचा प्रघात आहे. वास्तविक हा भेद सॉफ्टवेअरनेच आपणहून दाखवायला हवा आणि सूत्रावर आकडा टाइप होताना निदान एकदा तरी विचारायला हवे. तोवर उपाय वापरणाऱ्याच्याच हाती आहेत. 'फॉर्म्युलाज' या मेन्यूतील 'शो फॉर्म्युलाज' निवडले, की उत्तरांऐवजी सूत्रे दिसतात आणि मध्येच टाइप केलेला आकडा चटकन नजरेस येतो. 'गो टू स्पेशल'मध्ये 'कॉन्स्टंट्स' निवडल्यास हाताने भरलेले सेल एकदम निवडले जातात. याशिवाय 'प्रोटेक्ट शीट'ची सोय आहेच. एक्सेलमधील प्रत्येक सेल मुळात 'लॉक'च असतो, पण शीट संरक्षित करेपर्यंत त्या कुलपाचा उपयोग नसतो. त्यामुळे आधी आकडे भरायचे सेल मोकळे करावेत आणि मगच शीटला संरक्षण द्यावे.