नवतपा आणि एक कॅन कूलंट

आदली संध्याकाळ, सात

कूलंट बदलण्याचं काम सकाळचं असलं तरी त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी दुकानात होते. चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या स्पेअर पार्टवाल्याने विचारलं, "हिरवं देऊ का लाल?" हा प्रश्न सगळीकडे असाच विचारला जातो आणि त्यातून काहीच कळत नाही. रंग ज्या त्या कंपनीने आपल्या मर्जीने टाकलेला असतो. दोन कंपन्यांचं हिरवं कूलंट आतून अगदी वेगळ्या जातीचं असू शकतं, आणि एकमेकांत मिसळलं तर कधीकधी त्याचा गाळ होतो. म्हणून कॅन उलटा करून मागचं वाचायचं: ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला चालतं का, आणि रेडी-मिक्स आहे की पाणी घालून पातळ करायचं आहे. मी रेडी-मिक्स घेतो. सोबत डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणि ड्रेन बोल्टचं तांब्याचं वायसर. हे चिमुकलं वायसर बहुतेक जण विसरतात.

गाडी भाच्याची आहे, सेकंडहँड घेतलेली पल्सर एनएस 200. तेंदूच्या हंगामात त्याला आलापल्लीकडच्या संकलन केंद्रांवर फिरावं लागतं. गाडी तापते अशी त्याची तक्रार होती.

मध्येच एक सांगून ठेवतो, नाहीतर कोणी स्प्लेंडरला कूलंट शोधत बसायचं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत धावणाऱ्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होतात. त्यांच्या इंजिनाला पंखासारख्या पट्ट्या असतात, बाकी काही नसतं. पल्सर 220 ला पुढे छोटी जाळी दिसते, पण तिच्यातून ऑइल फिरतं. कूलंटवाल्या गाड्या आपल्याकडे 2008 च्या यामाहा आर 15 पासून दिसू लागल्या. 2012 मध्ये केटीएम ड्यूक 200 आणि ही एनएस आली, आणि मग त्या गल्लोगल्ली झाल्या.

पहाटे पाच

या कामाला इंजिन पूर्ण थंड लागतं. 'तासाभरापूर्वी बंद केलं' एवढ्यावर भागत नाही. गाडी रात्रभर उभी हवी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, चंद्रपुरात पहाटेचा पारासुद्धा तिशीच्या आसपास असतो. भाच्याने इंजिनाला हात लावला, मग अंगणातल्या फरशीला.

"मामा, इंजिन तं थंडं आहे, मंग फरशी काहून गरम आहे?"

"नवतपा आहे बाबू. फरशी आता मिरग लागल्यावरच थंडी होईल."

थंड इंजिनाचा आग्रह कशासाठी, तेही त्याला तिथेच सांगितलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. साधारण 1.1 किलोचा दाब होईपर्यंत तो आतलं काही बाहेर सोडत नाही. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण एवढ्या दाबाखाली ते 120 च्या आसपास जातं. त्यात निम्मं ग्लायकॉल असलं की उकळबिंदू सव्वाशेच्याही पुढे सरकतो. म्हणजे तापलेल्या गाडीत शंभरी ओलांडलेलं द्रव न उकळता गप्प बसलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो, ते एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. रस्त्यात गाडी तापली की लोक पहिल्यांदा हेच झाकण उघडतात.

साडेपाच

टाकीच्या बाजूचं प्लॅस्टिक काढलं. वॉटर पंपाच्या कव्हरवर सगळ्यात खालचा, वायसर असलेला बोल्ट हा ड्रेनचा. खाली घमेलं सरकवलं. बोल्ट काढला तर आधी नुसती करंगळीएवढी धार येते, कारण वरून हवा शिरत नाही. मग वरचं झाकण उघडलं की धार जोरात सुटते आणि घमेल्याच्या बाहेर पडते. म्हणून घमेलं आधीच थोडं पुढे ठेवायचं.

जे बाहेर आलं ते हिरवंही नव्हतं आणि लालही. विटकरी पाणी, तळाला बारीक पांढरी कचकच. बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागलं नाही. कूलंट असतं तर लागलं असतं. आधीच्या मालकाने कधीतरी कूलंट कमी झालं म्हणून पाणी ओतलं असणार, मग आणखी ओतलं असणार. ज्या पाण्याने गाडी त्या दिवशी घरी पोहोचते तेच पुढे दोन वर्षं आतून खात राहतं.

पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तेही बॅटरी लावून पाहिलं. तिथून थेंब गळत असला तर पंपाचं सील गेलं असं समजायचं, आणि मग घरचं काम थांबवून गाडी मिस्त्रीकडे न्यायची. इथे कोरडं होतं.

सव्वासहा

शेजारचे काकाजी कुंपणाशी आले. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पाहून त्यांना राहवलं नाही. "बाबू, पाणीच तं टाकाचं आहे, बोअरचं टाक न. कायले पैसे घालवतो?"

"काकाजी, तुमच्या कूलरच्या ताट्या पाहा न जी."

बोअरच्या पाण्यावर चाललेल्या कूलरच्या ताट्या मे संपेपर्यंत पांढऱ्या पडतात, कडक होतात, हाताने मोडल्या तर कुडकुड वाजतात. आपल्या भागातलं भूजल जड आहे. काही गावांत तर फ्लोराइडचाही त्रास आहे. पाणी तापलं की त्यातले क्षार सुटे होऊन चिकटतात. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद. कूलरची ताटी बदलता येते, नळीत बसलेला थर ब्रशने निघत नाही. काकाजी "हो का" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

बोल्ट तात्पुरता बसवून डिस्टिल्ड वॉटर भरलं, चार-पाच मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं, निवू दिलं, सोडलं. पहिल्या खेपेला पुन्हा विटकरी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं, दुसरा उपाय नाही. निवण्याची वाट पाहण्यातच सकाळ जाते. साठवणीची छोटी टाकी वेगळी काढून धुतली; तिच्या तळाला चिखल होता.

वाट पाहताना रेडिएटरची बाहेरची बाजू घेतली, आणि खरं दुखणं बरंचसं तिथेच निघालं. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडी धूळ गच्च बसली होती. आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, त्यांच्या मागे राहिलं की हीच धूळ. वर चंद्रपूरची काळी कोळशाची धूळ आणि मधे किडे. नळीने हळू पाणी मागच्या बाजूने पुढे सोडायचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने वरून खाली पुसायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर इथे मारू नये, पातळ पाकळ्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

हे उन्हाळ्यात जास्त का नडतं याचा हिशेब सोपा आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे आतलं द्रव आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. द्रव 95 अंशांवर आणि जानेवारीच्या सकाळची हवा 12 अंशांवर, तर फरक 83. मेच्या दुपारी हवा 46 वर गेली की फरक उरतो 49. म्हणजे तोच रेडिएटर थंडीतल्याच्या साधारण साठ टक्के ताकदीचा होतो. त्यातली निम्मी जाळी धुळीने बुजलेली, आणि पुढे ट्रकच्या रांगेत क्लच दाबत पहिल्या गिअरवर चालायचं. गाडी तापेल नाहीतर काय होईल?

साडेसात

पोहे-तर्री झाली. इंजिन निवलं होतं.

नवं वायसर लावून ड्रेन बोल्ट बसवला. इथे जोर दाखवायचा नाही. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, आटे खाल्ले गेले तर शंभर रुपयांची बचत हजारांत जाते. छोट्या पान्याने, मनगटाच्या ताकदीने, वायसर दबल्याचं जाणवेपर्यंत.

मग नरसाळं लावून कूलंट, अगदी बारीक धारेने. भसाभस ओतलं की आत हवा कोंडते. हवा धरलेली गाडी भरलेली दिसते, आणि पाच किलोमीटरवर तापते. भाच्याला गाडी सरळ धरून हळूहळू डावी-उजवीकडे झुकवायला लावली. मी रबरी पाईप दाबत होतो. प्रत्येक दाबाला नरसाळ्यात एक मोठा बुडबुडा फुटत होता आणि पातळी बोटभर खाली जात होती. काकाजींना हे फार आवडलं. "अजून एक आला पाय," असं ते मोजत राहिले.

किती कूलंट बसतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. निघालं तेवढंच जवळपास परत बसलं पाहिजे. बरंच उरलं तर आत हवा आहे, एवढं धरून चालायचं.

आणि एक गैरसमज. नुसतं घट्ट कूलंट घातलं तर गाडी जास्त थंड राहील असं पुष्कळांना वाटतं. उलट होतं. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं काही नाही. ग्लायकॉल त्यात कमीच पडतं. ते असतं उकळबिंदू वाढवायला आणि, थंड मुलखात, पाणी गोठू न द्यायला. आपल्याला गोठण्याची चिंता नाही. आपल्याला त्यातली गंज रोखणारी रसायनं हवी असतात, आणि तीच काळाने संपतात. म्हणून दिसायला चांगलं असलं तरी पुस्तकातल्या मुदतीला कूलंट बदलायचं.

आठ

झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू केलं. आधी काहीच होत नाही. थर्मोस्टॅट बंद असतो, द्रव इंजिनातल्या इंजिनात फिरतं. टुकुमच्या दिशेला औष्णिक केंद्राचे कूलिंग टॉवर दिसत होते. त्यांतून निघणारा पांढरा लोट धूर नसतो, वाफ असते. 2920 मेगावॉटचं ते केंद्रही आमच्या अंगणातलंच काम करतं: उष्णता पाण्याला द्यायची आणि पाण्याने हवेला. 2010 च्या उन्हाळ्यात त्याला पाणी देणारं इरई धरण आटलं तेव्हा तिथले संच बंद ठेवावे लागले होते.

थोड्या वेळाने वरचा पाईप एकदम गरम झाला, पातळी खाली गेली, दोन-चार बुडबुडे आले. थर्मोस्टॅट उघडला. कूलंट घातलं, हलकी रेस दिली, आणखी घातलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. मग पंखा सुरू होईपर्यंत वाट. पंखा सांगून सुरू होत नाही, तेव्हा बोटं जाळीपासून लांब. तो फिरला आणि थोड्या वेळाने थांबला. साठवणीच्या टाकीत दोन खुणांच्या मध्ये भरलं.

नऊ वाजता ऊन अंगणात आलं. पाने गोळा केले, फरशीवर सांडलेलं दोन बादल्यांनी धुतलं आणि कापडाने टिपलं, कारण गल्लीतली कुत्री तिथेच येऊन लोळतात.

दहा ते पाच

कूलरसमोर.

संध्याकाळी सहा

मूल रोडने चिचपल्लीपर्यंत चाचणी. अजून अंग भाजत होतं, पण वारा होता. जाताना वेगात, येताना मुद्दाम सावकाश. गाडी कुठेच तापली नाही. हा जंगलाचा रस्ता, अंधार पडायच्या आत परतलो. घरी आल्यावर पंखा एकदा फिरला. कुठे गळती नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच

गाडी निवल्यावर झाकण उघडून पातळी पुन्हा पाहिली. थोडी उतरली होती. उरलेली हवा रात्री निघते. भर घातली. भाच्याला उरलेलं कूलंट आणि एक लिटर डिस्टिल्ड वॉटर सोबत दिलं. गोंडपिपरी ओलांडल्यावर पाणी कुठेही मागता येतं, कूलंट मिळेलच असं नाही. साडेपाचला तो निघाला.

राहिला घमेल्यातला विटकरी माल, आता झाकणाच्या कॅनमध्ये, वर मार्करने 'विष' लिहून. पाणी मिसळलेलं असलं तरी त्यात जुनं ग्लायकॉल आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरी ते चाटतात, आणि थोड्याशानेही त्यांच्या किडन्या निकामी होतात. लहान मुलांचंही तेच. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. नालीत ओतू नका. शहरातल्या नाल्या झरपट नदीला मिळतात आणि झरपट इरई नदीला. ज्या गॅरेजात जुनं ऑइल गोळा होतं तिथे विचारा, वेगळं ठेवून घेतात का. नाही म्हणाले तर दुसऱ्या गॅरेजात विचारा, आणि तोवर कॅन कुलूपबंद ठेवा.