मोटारीचें पाणी कोठें जातें?

गेल्या वैशाखांत किनवटाहून माहुरास जात असतां चढावावर आमच्या जुन्या जीपचें एंजिन तापलें. घाईनें आम्हीं रेडिएटरचें झाकण उघडलें, आणि उसळलेल्या वाफेनें उजवा हात पोळला. पंधरा दिवस लेखणी धरतां आली नाहीं. पुढें एका कारागिराच्या सांगण्यावरून नवा रेडिएटर बसविला. तिसऱ्या दिवशीं पाणी पुन्हां उकळलें! दोष होता तो पंख्याच्या ढिल्या पट्ट्याचा.

महसूल खात्यांत असतां पंचनाम्यावांचून निकाल नाहीं, हा नियम आम्हीं जन्मभर पाळला. घरच्या गाडीविषयीं मात्र तो विसरलों. सबब तपासणीची रीत शेतकरी बंधूंस सादर करितों. ट्रॅक्टरासही ती लागू आहे.

तपासणी पहाटे, एंजिन पूर्ण थंड असतां करावी. तापलेल्या एंजिनांतील पाणी दाबाखालीं असल्यानें शंभर अंशांपलीकडेही उकळत नाहीं; झाकण सैल होतांच त्याची एकदम वाफ होते.

पाणी उणें असल्यास प्रथम गळती शोधावी. रात्रीं गाडीखालीं कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळीं जेथें ओल दिसेल, तिच्या वरील रबरी नळ्या, त्यांच्या पट्ट्या व पाण्याचा पंप पाहावा.

पाणी पुरेसें असून एंजिन तापत असेल, तर रेडिएटरची जाळी पाहावी. मळणीच्या दिवसांत तींत भूस बसतें व वारा शिरत नाहीं. एंजिनाच्या बाजूनें पाण्याची मंद धार सोडून ती धुवावी. नंतर एंजिन बंद ठेवून पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबावा. अर्ध्या इंचाहून फार अधिक दबल्यास तो ढिला समजावा. नव्या मोटारींत पंखा विजेवर चालतो. एंजिन तापल्यावर तो आपोआप फिरतो कीं नाहीं, हें दुरून पाहावें. थर्मोस्टॅटचा संशय आल्यास तो काढवून भांड्यांतील पाण्यांत तापवावा. पाणी उकळूं लागलें तरी तो उघडला नाहीं, तर निकामी जाणावा.

बाहेर गळती नसतां पाणी घटतें, ऑइल दुधाळ होतें, किंवा एंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाहीं, हीं हेडचें गॅस्केट गेल्याचीं चिन्हें होत. मग गाडी हलवूं नये, कारागीरच बोलवावा.

वाटेंत एंजिन तापल्यास तें बंद करून निवूं द्यावें. तापल्या एंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचें भय असतें. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचा थर आंत बसतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंटच वापरावें.

आमच्या हातावरचा डाग अद्याप गेला नाहीं. वाचकांनीं तो आपल्या हातावर उमटूं देऊं नये, एवढीच विनंती.