खाणाऱ्याला उपदेश आणि विकणाऱ्याला मोकळे रान

लठ्ठ माणूस दिसला की आपल्याकडे शेरा ठरलेला असतो. म्हणे, जिभेवर ताबा नाही! मधुमेह निघालेल्या बाईला तर डॉक्टरपासून नणंदेपर्यंत सगळे हेच ऐकवतात. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. घास आपल्याच हाताने तोंडात जातो. पण तो घास दारापर्यंत कोणी आणला, त्याची किंमत कोण ठरवतो, त्यात काय काय घातले आहे हे कोण सांगत नाही, असे प्रश्न विचारले की हीच शहाजोग मंडळी गप्प बसतात. हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. त्याची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असली पाहिजे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्कमध्ये शिकले, त्याच शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. वस्ती मुख्यतः लॅटिनो आणि कृष्णवर्णीयांची, गरिबी शहरात सर्वांत जास्त. तिथल्या काही मुलांच्या पालकांनी २००२ साली मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला. आमची मुले हे खाऊन लठ्ठ झाली, त्यांना आजार जडले, आणि कंपनीने धोका सांगण्याऐवजी हे अन्न पौष्टिक असल्याची जाहिरात केली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची भरपूर टिंगल झाली. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी जानेवारी २००३ मध्ये दावा फेटाळला. असे अन्न अति खाणे वाईट हे ज्याला कळते, त्याला त्याच्या अतिरेकापासून वाचवणे हे कायद्याचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. मात्र घरच्या स्वयंपाकात कधी न वापरले जाणारे घटक घालून कारखान्यात घडवलेल्या चिकनच्या तुकड्यांविषयी साध्या गिऱ्हाइकाला काय कळणार, ही शंकाही त्याच निकालात आहे.

दुरुस्त केलेला दावाही त्याच वर्षी फेटाळला गेला. २००५ साली वरच्या न्यायालयाने फसव्या जाहिरातीचा मुद्दा पुन्हा उभा केला. पण २०१० मध्ये सर्वांच्या वतीने एकत्र दावा चालवायला परवानगी नाकारण्यात आली. कारण काय, तर प्रत्येकाचे वजन कशामुळे वाढले हे वेगवेगळे तपासावे लागेल! खरी मेख इथे आहे. जाहिरात लाखो मुलांना एकदम दाखवायची, आणि नुकसान मात्र एकेकट्या मुलीने आपल्या खर्चाने सिद्ध करायचे.

दरम्यान कंपन्यांचे कैवारी कामाला लागले होते. लठ्ठपणाबद्दल खाद्यकंपन्यांवर दावाच लावता येऊ नये, असे विधेयक मार्च २००४ मध्ये प्रतिनिधिगृहात २७६ विरुद्ध १३९ मतांनी मंजूर झाले. त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. सिनेटमध्ये ते अडकले, पण वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. ज्याचे भोग त्याने भोगावे, ही भाषा आपल्याला काही नवीन नाही. अमेरिकेत तिला कायद्याचा पोशाख चढला, इतकेच.

यापुढची गोष्ट चळवळीच्या माणसांनी जरा सावकाश वाचावी. २०१२ साली न्यूयॉर्क शहराने ठरवले की उपाहारगृहांत आणि चित्रपटगृहांत गोड पेयांचा पेला सोळा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७० मिलिलिटरपेक्षा मोठा असू नये. पेयकंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांच्या बाजूने उभे राहिले कोण? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झुंजणाऱ्या एन.ए.ए.सी.पी.ची न्यूयॉर्क शाखा! ज्या ड्युबॉईस यांच्याशी बाबासाहेबांचा १९४६ मध्ये पत्रव्यवहार झाला, तेच या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. शाखेचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मोठ्या साखळी किराणा दुकानांना हा नियम लागू नव्हता, मग आमच्या लहान दुकानदारांनीच का मरायचे, असे ती विचारत होती. पण संघटनेच्या आरोग्य-प्रबोधनाच्या कार्यक्रमाला कोका-कोलाचा पैसा मिळत होता, हेही तेव्हाच वृत्तपत्रांत आले. २०१४ मध्ये तो नियम कायमचा रद्द झाला. देणगी घेतली म्हणून मत विकले, असा आरोप आम्ही करणार नाही. पण देणाऱ्याला काय हवे असते, हे आपल्या मंडळांनी आणि संस्थांनी पावती फाडण्याआधी विचारायला हवे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या रड सेंटरच्या अहवालानुसार २०१९ साली तिथल्या फास्ट फूड कंपन्यांनी जाहिरातींवर सुमारे ५०० कोटी डॉलर ओतले, आणि कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या मुलांपेक्षा ७५ टक्के अधिक जाहिराती पाहिल्या. ही निवड मुलांनी केली होती काय?

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांचे १८.९ वरून २२.९. हा आता फक्त बंगल्यांतला आजार राहिलेला नाही. वस्तीतल्या कोणत्याही किराणा दुकानासमोर उभे राहा. पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दारातच लटकलेल्या असतात. तेवढ्या पैशांत धड एक केळेही मिळत नाही. सकाळी सातला कामावर निघालेली आई पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते, तेव्हा तिने नेमकी कोणती जबाबदारी झटकली? सप्टेंबर २०२५ मध्ये थंड पेयांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, ते ठीकच. पण त्याच फेरबदलात बिस्किटे, नमकीन आणि झटपट नूडल्स ५ टक्क्यांवर आले.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. पन्नास मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावले. पालकसभेच्या दिवशी चार पालकांनी मिळून ती मोजावीत, वाटेत लागलेल्या टपऱ्या लिहून काढाव्यात आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून पोच घ्यावी.