भरल्या घरातलं जोखमीचं गरोदरपण

"डॉक्टर, घरात आम्ही अकरा माणसं आहोत. तिची काळजी घ्यायला माणसांची काय कमी?" ठाण्यातल्या एका सासूबाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा सून शेजारच्याच खुर्चीत बसली होती. वय ३६, चौथं गरोदरपण, आधीची दोन बाळंतपणं सिझेरियनची आणि गेल्या खेपेला शेवटच्या महिन्यात रक्तदाब चढलेला.

पुढे काही आठवड्यांनी, ऑक्टोबरात, घरात संध्याकाळची रोझरी चालू असताना तिचं डोकं दुखायला लागलं. जाऊ म्हणाली, फार वेळ गुडघ्यावर बसलीस म्हणून. सासूबाई म्हणाल्या, उकाडा किती आहे. कुणीतरी आल्याचा चहा करून दिला. सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा नवरा तिला दवाखान्यात घेऊन आला. रक्तदाब १६४/११०. घरात रक्तदाबाचं मशीन होतं, सासऱ्यांसाठी आणलेलं. रात्री तिचा रक्तदाब का नाही मोजला, असं मी विचारलं, तर प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कुणीतरी मोजला असेल. तिला लगेच रुग्णालयात दाखल केलं, ३४व्या आठवड्यात सिझेरियन झालं. आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ठाण्यातली जुनी ईस्ट इंडियन घरं असोत किंवा कल्याण-डोंबिवलीतली गोवन, मंगळुरी, मल्याळी कॅथलिक कुटुंबं, मोठ्या घरात गरोदर बाईला मायेची कमतरता सहसा नसते. अडचण वेगळीच असते. काळजी सगळ्यांची असते आणि नेमकं काम कुणाचंच नसतं.

जोखमीचं म्हणजे काय?

आईचं वय १८पेक्षा कमी किंवा ३५पेक्षा जास्त असणं, चार किंवा त्याहून जास्त बाळंतपणं झालेली असणं, आधीचं सिझेरियन, उच्च रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडचा किंवा हृदयाचा आजार, जुळी बाळं, हिमोग्लोबिन ७पेक्षा कमी असणं, आधी गर्भपात किंवा मृतजन्म झालेला असणं, आर-एच निगेटिव्ह रक्तगट. यातलं एकही कारण असलं तरी डॉक्टर गरोदरपण जोखमीचं धरतात. याचा अर्थ काहीतरी वाईट होणारच असा नाही. तपासण्या जास्त वेळा करायच्या आणि बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या कुटुंबांत एक वाक्य फार ऐकू येतं: "पहिली तीन झाली ना नीट, मग हेही होईल." खरं म्हणजे प्रत्येक सिझेरियननंतर गर्भाशयावर एक व्रण राहतो. पुढच्या वेळी वार खाली, त्या व्रणावरच चिकटली, तर ती स्नायूत खोल रुतू शकते आणि बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. सिझेरियनची संख्या वाढते तसा हा धोका वाढत जातो. म्हणून १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर एक प्रश्न नक्की विचारा: वार कुठे आहे? ती खाली असेल, तर रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच नाव घाला. घराजवळचं छोटं प्रसूतिगृह कितीही ओळखीचं असलं, तरी अशा वेळी ते पुरेसं नाही.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६पासून सुरू आहे. जोखमीच्या गरोदरपणात माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लावतात. ते पाहून घाबरू नका. रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांपुढे जायची वेळ आली, तर त्यांना एका नजरेत सगळं कळावं यासाठी ते आहे.

कामं नावानिशी वाटा

मी आता अशा प्रत्येक कुटुंबाला कागद घेऊन बसायला सांगतो. रक्तदाब कोण मोजणार? एकच माणूस, रोज ठरलेल्या वेळी. जिने चढून आल्या आल्या मोजायचा नाही. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात हृदयाच्या उंचीवर घेऊन मोजायचा आणि वहीत लिहायचा. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११०च्या घरात गेला, तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालय.

गोळ्या कोण देणार? लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा-दूधही नको. आधीच्या गरोदरपणात रक्तदाब चढला होता त्यांना प्रसूतितज्ज्ञ बहुधा १२व्या आठवड्यानंतर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. "रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणात कशाला?" म्हणून घरातली मोठी माणसं ती परस्पर बंद करतात, असं मी पाहिलं आहे. तसं करू नका, शंका असेल तर आधी विचारा.

मोठ्या मुलांना शाळेत कोण सोडणार, दीड वर्षाच्या मुलाला कडेवर कोण घेणार, रात्री दोन वाजता रिक्षा की १०८, गाडी कुठे उभी असते, किल्ली कुठे असते, हेही त्या कागदावर लिहा. सासूबाईंच्या मनात असतं ते कागदावर नसतं.

आणि हो, "बेडवरून उठायचंच नाही" असा हुकूम सरसकट लागू नाही. पूर्ण झोपून राहिल्याने गरोदरपण वाचतं, असा पुरावा नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जड उचलणं, तासन्‌तास उभं राहणं टाळायचं, पण घरातल्या घरात हिंडणं-फिरणं बहुतेकींना चालतं. तुमच्यासाठी काय योग्य, ते तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाच विचारा.

लोकलने तपासणीला जावं लागलं, तर दिव्यांगांसाठी राखीव डब्यात गरोदर महिलांना प्रवासाची मुभा आहे. डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीत महिलांच्या डब्याच्या दाराशी लटकण्याची गरज नाही.

प्रायश्चित्तकाळ, नाताळ आणि ताट

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल बायका डॉक्टरांना विचारायला संकोचतात.

चर्चच्या नियमाप्रमाणे भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपवास १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजारी व्यक्ती, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना त्यातून सूट मानली जाते. कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासातूनही आजारी माणसांना सूट आहे. मन मानत नसेल, तर आपल्या फादरना विचारा. मला आजवर एकही फादर असा भेटला नाही, ज्याने इन्शुलिन घेणाऱ्या गरोदर बाईला उपाशी राहायला सांगितलं. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी जास्त कडक असतं.

कल्याण-डोंबिवलीत सायरो-मलबार कॅथलिकांची मोठी वस्ती आहे. १९८८मध्ये त्यांच्यासाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यांच्यातली बरीच घरं ईस्टरआधी जवळजवळ पन्नास दिवस मांस, आणि काही घरं मासे-अंडीसुद्धा, सोडतात. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईने हे केलं, तर लोह आणि प्रथिनं दोन्ही घटतात. नेम पाळायचाच असेल, तर चहा, गोड पदार्थ किंवा टीव्ही सोडा. मासे-अंडी सोडू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत.

मीठ कमी केल्याने गरोदरपणातला रक्तदाब टळत नाही, त्यामुळे आळणी जेवणाची शिक्षा नको. पण आधीपासूनच उच्च रक्तदाब असेल, तर सुके बोंबील, खारे मासे आणि लोणचं रोज ताटात नको. मधुमेह निघालेल्यांना नाताळात खरी कसोटी असते. नाताळचा केक, दोदोल, घरोघरून येणारी कुसवारची ताटं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा जास्त आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. त्यात एक तुकडा केक जेवणानंतर चालेल की नाही, हे तुमच्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. घरी केलेली वाइन मात्र कुठल्याच महिन्यात नको, "घोटभर" सुद्धा. ख्रिस्तप्रसादाच्या हॉस्टने साखर वाढत नाही, ही चिंता सोडा.

मिस्सेत लांब वेळ उभं राहून किंवा गुडघ्यांवरून एकदम उठून चक्कर येऊ शकते. बाकाच्या टोकाला, वाटेच्या बाजूला बसा आणि जिथे सगळे उभे राहतात तिथेही बसून राहा. कुणी काही म्हणत नाही.

एक गोष्ट मोठ्या घरांत हमखास विसरली जाते. लहान मुलं शाळेतून कांजण्या, गोवर, फ्लू घेऊन येतात. गरोदर बाईला आधी कांजण्या झालेल्या नसतील आणि घरातल्या मुलाच्या अंगावर फोड आले, तर तिला पुरळ येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. धाकट्याचा उष्टा चमचा तोंडात घालायची सवयही काही महिने सोडा.

थांबायचं नाही, अशी लक्षणं

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, धाप, झटका, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काही झालं, तर प्रार्थना गाडीतही करता येते.

आणि पुढच्या वेळचं

इटलीच्या बालरोगतज्ज्ञ जिआना बेरेत्ता मोल्ला चौथ्या बाळंतपणानंतर १९६२मध्ये गेल्या, २००४मध्ये त्यांना संत घोषित केलं. अनेक कॅथलिक घरांत त्यांचं नाव श्रद्धेने घेतात. पण त्यांनीही गरोदरपणात गर्भाशयातली गाठ शस्त्रक्रियेने काढून घेतली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. श्रद्धा होती म्हणून त्यांनी उपचार नाकारले नव्हते.

पुढचं मूल लांबवणं हा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते. जानेवारी २०१५मध्ये फिलिपिन्सहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी विमानात पत्रकारांना एक प्रसंग सांगितला. सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका स्त्रीला त्यांनी विचारलं होतं, सात मुलांना पोरकं करायचं आहे का? जबाबदार पालकत्व हा शब्द चर्चमध्येही आहे. १९६८च्या हुमानाए विताए या परिपत्रकात गंभीर कारण असेल तर नैसर्गिक पद्धतीने अंतर ठेवण्याला मान्यता आहे. बाळंतपणानंतर पाळी परत येईपर्यंत दिवस मोजण्याची पद्धत मात्र फसवी ठरते. पहिले सहा महिने, पाळी आलेली नसताना आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावर पीत असेल, तर दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. यातली एकही अट तुटली, की ते संरक्षण संपतं. तुमची पद्धत कुठलीही असो, दवाखान्यातून घरी जाण्याआधी नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. सिझेरियननंतर पुढच्या गरोदरपणापूर्वी किमान दीड ते दोन वर्षांचं अंतर हवं.

घरी आल्यावर माणसं बाळाभोवती गोळा होतात, बाप्तिस्म्याची यादी निघते, गॉडमदर कोण यावर चर्चा रंगते. नेमका याच दिवसांत, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, आईचा रक्तदाब पुन्हा चढू शकतो. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. ज्याचं नाव कागदावर होतं, त्याने वही अजून बंद करायची नाही. पहिला आठवडा रोज मोजा, दहा दिवसांच्या आत एकदा डॉक्टरांना दाखवा. ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांची साखर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते. ती तारीख बाप्तिस्म्याच्या तारखेखालीच लिहून ठेवा.