कळफलक आणि विशेष वर्णचिन्हे

लेखनव्यवस्थेचा विचार आपण आतापर्यंत कागदावरील अक्षरांच्या आधारे केला. गृहपाठ संगणकावर टंकलिखित करताना मात्र अक्षर कसे दिसते याबरोबरच ते कसे साठवले जाते, हेही समजून घ्यावे लागते.

१. कळींचा क्रम

फ्रेंचमध्ये ‘ऊ’ असा एकच उच्चार असलेले दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ ‘किंवा’, दुसऱ्याचा ‘कोठे’. लेखनात हा भेद स्वरचिन्हावरील एका तिरप्या रेघेने दाखवला जातो. फ्रान्समधील कळफलकावर अशा काही स्वरांना स्वतंत्र कळ असते. छत्रीच्या आकाराचे चिन्ह देताना मात्र आधी चिन्हाची आणि मग स्वराची कळ दाबतात.

देवनागरीत याबाबत दोन पद्धती आढळतात. ‘कि’ टंकताना रेमिंग्टन कळफलकावर आधी वेलांटी, मग ‘क’ येतो. म्हणजे तेथे दृश्य क्रम पाळला जातो. इन्स्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी येते. तेथे उच्चाराचा क्रम पाळला जातो. युनिकोडमध्ये अक्षरे साठवली जातात तीही उच्चारक्रमानेच. उदाहरणार्थ, ‘एटापल्ली’ हे नाव इन्स्क्रिप्टमध्ये ए, ट, काना, प, ल, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी अशा आठ कळींनी सिद्ध होते.

२. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’ या कळीवर ‘र’ आहे, तर शिफ्टसह तीच कळ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर हलन्त आणि ‘य’ टंकावा. साधा ‘र’ घेतल्यास रफार उमटतो आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास दिलेले मानधन ‘आचार्यास’ दिल्याचे ठरते.

हाच अर्धा ‘ऱ’ साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही उमटवता येतो. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन्ही रीतींनी डोळ्यांना सारखेच दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात.

३. ‘ॲ’ आणि ‘ऍ’

‘ॲसिड’मधील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीपासून असलेला ‘ऍ’ हा निराळा वर्ण आहे. मराठीत ‘ॲ’ वापरावा.

४. व्यावहारिक महत्त्व

एटापल्लीसारख्या वनप्रदेशातील तालुक्यात २००६च्या कायद्यान्वये केलेला वनहक्काचा दावा, शाळेचा दाखला आणि जातप्रमाणपत्र यांतील नावे जुळणे अगत्याचे असते. कागदावर सारखे दिसणारे नाव संगणकीय शोधात सापडले नाही, तर अर्जदारास कार्यालयात पुन्हा खेटे घालावे लागतात आणि चूक कोठे आहे हे त्याला दिसतही नाही. म्हणून टंकलेखकाने एका वर्णासाठी सर्वत्र एकच कळक्रम वापरावा.

आपली प्रगती तपासा

१. ‘तऱ्हा’ व ‘सूर्य’ या शब्दांतील ‘र’च्या रूपांमधील भेद स्पष्ट करा.
२. आपल्या गावाचे नाव इन्स्क्रिप्टमध्ये टंकण्याचा कळक्रम लिहा.