पाण्याचे औषध पिण्याचे नसते

पाण्याला जीवन म्हणतात. माणूस, गुरेढोरे, पाखरे, पिके, कुणालाच पाण्यावाचून राहता येत नाही. पण सगळेच पाणी पिण्यासारखे नसते.

आमचे गाव कृष्णाकाठी आहे. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून ती कराडला येते. तिथे तिला कोयना मिळते. मग ती सांगली जिल्ह्यात जाते आणि सांगलीजवळ हरिपूरला तिला वारणा मिळते. म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली पुष्कळ गावे एकाच नदीचे पाणी पितात. हे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी त्यात जंतू असू शकतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. विरघळलेले क्षारही दिसत नाहीत. म्हणून पाणी तपासावे लागते.

पाणी तपासले पाहिजे हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. पण तपासायला जी रसायने लागतात ती कशी जपून वापरायची, हे थोड्यांनाच माहीत आहे. म्हणून मी हा लेख लिहायचे ठरवले. यातली माहिती मला माझ्या काकीने, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षक तात्यांनी आणि आमच्या गुरुजींनी दिली.

औषध म्हणजे काय?

आपल्या गावात औषध हा शब्द फार ठिकाणी वापरतात. खोकल्याचे औषध. द्राक्षबागेवर मारायचे औषध. उंदराचे औषध. टाकीत टीसीएल पावडर टाकली की बायका म्हणतात, "आज पाण्यात औषध टाकलंय, वास येतोय बघ." पाणी तपासायच्या बाटल्या आल्या तरी म्हणतात, "तपासायचं औषध आलं."

मोठ्या माणसांना यातला फरक कळतो. पण माझी धाकटी बहीण अंगणवाडीत आहे. तिला औषध म्हणजे चमच्याने घ्यायचे, गोड लागते, एवढेच ठाऊक. तिच्यासारखी लहान मुले प्रत्येक घरात असतात. त्यांच्या हाती ती बाटली लागली तर ती काय करतील, याचा विचार आपण केला पाहिजे. जे औषध पाण्यासाठी आहे ते आपल्या पोटासाठी नाही, ही पहिली गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी.

तपासणीची पेटी

१५ ऑगस्ट २०१९ रोजी सरकारने जल जीवन मिशनची घोषणा केली. खेड्यातल्या प्रत्येक घरात नळाने पाणी द्यायचे, असे त्यात ठरले. नुसते पाणी देऊन भागत नाही, ते चांगले आहे का हेही पाहायला हवे. म्हणून प्रत्येक गावातल्या ५ बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. आमच्या गावातल्या ५ जणींत माझी काकी आहे.

तिच्याकडे एक पेटी आहे. तिला सगळे किट म्हणतात. पेटीत छोट्या छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या, थेंब टाकायची नळी आणि रंगांचा तक्ता असतो. पाण्यात थेंब टाकायचे, कोणता रंग येतो तो तक्त्याशी जुळवायचा, की कळते पाणी कसे आहे. बघायला फार मजा वाटते. भातुकलीसारखेच दिसते. म्हणूनच ती पेटी जपायला हवी. जी वस्तू भ्यासुर दिसते तिच्याजवळ मुले जात नाहीत. जी खेळण्यासारखी दिसते तिच्याजवळच जातात.

ओटीची बाटली

आमच्या आज्जीला ओटी म्हटले की खणानारळाची ओटी आठवते. पण ही ओटी वेगळी. तिचे पूर्ण नाव ऑर्थोटोलिडीन. पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे ती सांगते. नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. पिवळे झाले नाही तर क्लोरीन नाही, म्हणजे टीसीएल पुरेशी पडली नाही.

नळाच्या पाण्यात एका लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. गुरुजींनी आमच्याकडून याचे गणित करून घेतले. ५००० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम! एवढे थोडे क्लोरीन आहे की नाही, ते ओटीचे थेंब दाखवतात.

पण ही ओटी ॲसिडात तयार केलेली असते. ती अंगावर पडली तर आग होते. ऑर्थोटोलिडीन पोटात जाणे वाईट. शास्त्रज्ञांना त्याच्यापासून कर्करोग होण्याची शंका आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आता दुसरे रसायन वापरतात, त्याने पाणी गुलाबी होते. तपासलेले पिवळे पाणी लिंबाच्या सरबतासारखे दिसते. ते पिऊ नये, आणि "वाया कशाला घालवायचं" म्हणून परत हंड्यात तर मुळीच ओतू नये. गुलाबी पाण्यालाही हाच नियम.

इतर बाटल्या

पाण्यात मीठ, म्हणजे क्लोराईड किती आहे, ते पाहायला पुष्कळ किटांत दोन रसायने असतात. एक पोटॅशियम क्रोमेट. ते हळदीच्या पाण्यासारखे पिवळेधमक असते आणि विषारी असते. दुसरे सिल्व्हर नायट्रेट. ते चांदीपासून करतात. उजेडाने ते खराब होते, म्हणून तपकिरी बाटलीत ठेवतात. एकेक थेंब मोजून टाकत जायचे आणि पाणी विटकरी झाले की थांबायचे. जितके थेंब जास्त, तितके मीठ जास्त.

सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले तर तेव्हा काहीच दिसत नाही. नंतर काळा डाग उठतो. साबणाने घासला तरी जात नाही, कातडी झिजेल तेव्हाच जातो. डोळ्यांत गेले तर फार इजा होते. म्हणून काकी हातमोजे घालते आणि चष्माही लावते. पहिल्यांदा शेजारच्या बायका हसल्या होत्या. काकी म्हणाली, "हसा, पण माझे डोळे माझ्याकडेच राहू द्या." आता त्यासुद्धा लावतात.

आपल्याकडे उसाला खत फार घालतात. खताचा नायट्रेट मुरून विहिरीत उतरतो. एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी पिऊ नये. तेही किटने कळते.

काळी होणारी बाटली

ही बाटली जंतूंसाठी असते. तिच्यात आधीच औषध घातलेले असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि उबदार जागी एक ते दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे झाले तर ते घाणीने दूषित आहे असे समजायचे. ही सोपी रीत ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. आपल्या देशातला शोध आहे हे ऐकून आम्हां सर्वांना आनंद झाला.

या बाटलीत ॲसिड नसते, पण धोका असतो. त्या दोन दिवसांत आतले जंतू वाढून कितीतरी पट झालेले असतात. म्हणून काळी झालेली बाटली उघडून वास घेऊ नये. ती सडक्या अंड्यासारखी घाण मारते. ती कचऱ्यात टाकू नये, कारण मुले कचऱ्यातल्या बाटल्या गोळा करतात. मोठ्या माणसाने हातमोजे घालून तिच्यात टीसीएलचे पाणी घालावे, बराच वेळ तसेच ठेवावे, जंतू मेल्यावर मग विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरावी. टीसीएलचे पाणी फक्त याच बाटलीला. किटच्या दुसऱ्या बाटल्यांत ते चुकूनही घालू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे.

टीसीएल पावडर

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातले क्लोरीन जंतू मारते. तात्या ती आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवतात, मग पाणी वाढवून ढवळतात आणि थांबतात. चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी विहिरीत सोडतात. मग एक तास थांबून ओटीने तपासतात. किती पावडर घ्यायची हे पाण्याच्या मापावर ठरते. ते माप तात्यांनीच काढायचे, आपण नाही. पावडर उघडताना ते तोंडाला फडके बांधतात आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात, म्हणजे पूड नाकाडोळ्यांत जात नाही.

टीसीएलमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. तो हिरवट पिवळा असतो. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, श्वास कोंडतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. त्यात पुष्कळ सैनिक मेले. आणि तेच क्लोरीन ५००० लिटरला १ ग्रॅम उरले तर आपल्याला कॉलऱ्यापासून वाचवते. अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खाली साठतो. म्हणून असा वास आला तर तिथे वाकून बघत बसू नये. उघड्यावर, उंच जागेकडे आणि वारा येतो त्या दिशेला जावे.

वापरलेले पाणी कुठे टाकायचे?

हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तपासून झाले की नळीतले पाणी ओढ्यात ओतले तर काय होईल? ओढा नदीला जातो. नदी सांगलीकडे जाते. तिथे माझी आत्या राहते. आपल्या गावची घाण तिच्या घागरीत जायला नको. एका नळीत थोडेच असते हे खरे, पण दर गावाने थोडे थोडे ओतले तर ते थोडे राहत नाही.

म्हणून काकी सगळे वापरलेले पाणी एका झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवते. त्यावर चिठ्ठी लावली आहे. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा साताऱ्यातही आहेत आणि सांगलीतही आहेत. तिथल्या लोकांना विचारूनच त्या कॅनची विल्हेवाट लावायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेला महापूर आला होता. अशा वेळी विहिरी बुडतात आणि पाणी तपासायची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून किट आणि टीसीएल उंच, कोरड्या जागी ठेवावी. ओल लागली की टीसीएलचा जोर कमी होतो.

सर्वांनी पाळायचे नियम

१. रसायन कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. ज्या बाटलीत आले त्याच बाटलीत ठेवावे.
२. बाटलीवर नाव असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लाल फुली काढावी. फवारणीच्या डब्यावर लाल खूण असली की ते जहाल विष, हे आमच्या आज्जीला न वाचता कळते. तसेच हे कळेल.
३. पेटी कुलपात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. स्वयंपाकघरात ठेवू नये.
४. तपासताना काही खाऊ पिऊ नये, तंबाखू मळू नये. झाल्यावर हात साबणाने धुवावेत.
५. रसायन तोंडाने ओढू नये. वास घेऊन पाहू नये. एका बाटलीचे झाकण दुसरीला लावू नये.
६. मुदत संपलेले रसायन वापरू नये. त्याने रंग चुकीचा येतो, मग वाईट पाणीसुद्धा चांगले ठरते.
७. टीसीएल ही ॲसिड, रॉकेल आणि तेल यांच्याजवळ ठेवू नये.
८. मुलांनी लांबून पाहावे, रंग ओळखावा, वहीत लिहावे. बाटलीला हात लावू नये.

काही झाले तर काय करावे?

अंगावर पडले तर तो भाग लगेच वाहत्या पाण्याने भरपूर धुवावा. हळद, तेल, चुना काही लावू नये. डोळ्यांत गेले तर चोळू नये. डोळा उघडा धरून १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे आणि दवाखान्यात जावे. पोटात गेले तर बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. ॲसिड जाताना गळा भाजते आणि येताना पुन्हा भाजते. चूळ भरायला लावावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, किंवा १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जाताना ती बाटली बरोबर न्यावी. नाव वाचले की डॉक्टरांना लगेच कळते.

पालकांना माझी एक विनंती आहे. आजपासून घरात नुसते औषध म्हणू नका. टीसीएलला टीसीएल म्हणा, ओटीला ओटी म्हणा, फवारणीच्या विषाला विष म्हणा. खोकल्याच्या औषधाला तेवढे औषध म्हणा. मग लहान मुलांनाही फरक कळेल. यासाठी एक पैसा लागत नाही.

मित्रांनो, मी एक घोषवाक्य तयार केले आहे. ते पाठ करा आणि घरी सांगा:

नाव नाही बाटलीला, हात नको लावायला!

— इयत्ता चौथी